रिकामं परत आलेलं पातेलं

आमच्या गावठाणात कुणाचं भांडं कुणी रिकामं परत करत नसे. कालवणाची वाटी शेजारी गेली, तर परत येताना तिच्यात दोन केळी, मूठभर उकडलेल्या शेंगा, अगदीच काही नसलं तर चमचाभर साखर तरी असायची. ही रीत कुणी शिकवली नव्हती, ती भांड्यांबरोबरच फिरत असे. अंधेरीच्या पूर्वेला आज जिथे मेट्रोचे खांब आणि काचेची ऑफिसं आहेत, त्यांच्या मागे आमची पन्नास-साठ घरं होती, अजूनही बरीचशी आहेत. बाहेरून येणाऱ्याला ती सापडत नाहीत, रिक्षावाला तर "इथे गाव कुठलं?" म्हणून आपल्यालाच वेड्यात काढतो. घरं कौलारू, पुढे ओटा, गल्लीच्या तोंडाशी एक क्रूस, क्रूसाला टांगलेली एक लहानशी घंटा, आणि पलीकडे विहीर. आम्ही ख्रिस्ती, घरात बोलायचो मराठी, पण अशी मराठी की शाळेत बाईंनी "हे काय गं, 'मला-तुला' सोडून 'मना' आणि 'तुना'?" म्हणून दर वर्षी नव्याने कान उपटावा.

आवाज म्हणाल तर दोन. उन्हाळ्यात लाकडी उखळात मसाला कुटण्याचा, आणि बारा महिने विमानांचा. धावपट्टी जवळ असल्यामुळे विमान डोक्यावरून इतकं खालून जायचं की बोलणं ऐकूच येत नसे. त्यामुळे आमच्याकडची माणसं वाक्याच्या मध्ये थांबतात, विमान जाऊ देतात, आणि सोडलेल्या शब्दापासून पुढे बोलतात. भांडणसुद्धा असंच चालायचं. हात वर उगारलेला तसाच, तोंड उघडं, विमान गेलं की शिवी पूर्ण. लग्न होऊन मी मुलुंडला आले तेव्हा मला पहिले कित्येक महिने कळेना की इथली माणसं श्वास कधी घेतात.

घरात पप्पा, माय, मोठी बहीण ग्रेटा आणि मी. आणि फिलूआंटी. फिलूआंटी आमच्या घरातली नव्हती, समोरच्या निळ्या दाराच्या घरातली होती. पण सकाळचा चहा ती आमच्या ओट्यावर प्यायची, आणि माझ्या केसांतल्या उवा मायपेक्षा तिनेच जास्त काढल्या असतील. नवरा लवकर गेलेला, एकुलता एक नेल्सन मस्कतला नोकरीला. रुंद खांद्यांची, मोठ्या हातांची बाई. गावठाणात कुणाचंही लग्न निघालं की फुग्यांचं पीठ तिच्या हातचं. आमच्याकडे लग्नाला फुगे लागतातच. मैदा, अंडी, नारळाचं दूध आणि ताडी घालून पीठ असं मळायचं की ते हाताला चिकटायचं थांबेपर्यंत मळणाऱ्याचे खांदे भरून यावेत. मग ते उबेत ठेवायचं, आणि फुगून वर आलं की मुठीतून पिळून गोळा गोळा तेलात सोडायचा. दुसऱ्या कुणी मळलं तर फुगे होत नाहीत असं नाही. होतात, पण ते तोंडात घातल्यावर लोक काही बोलत नाहीत.

मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि मला आपण लेखिका आहोत असा दाट संशय होता. मासिकांना पाठवलेलं सगळं परत यायचं. मग कॉलेजातल्या एका मैत्रिणीने सांगितलं की आता कुणाला विचारायची गरजच नाही, ब्लॉग काढायचा, लिहायचं, बटण दाबायचं, झालं. परवा माझ्या मुलीने विचारलं, "ब्लॉग म्हणजे रील्ससारखं, पण वाचायचं?" मी हो म्हटलं. आणखी काय सांगणार?

नाक्यावर केतनभाईंचा सायबर कॅफे होता, प्लायवुडच्या पार्टिशनांचा. तिथल्या चार नंबरच्या मशीनवरच मराठी अक्षरं नीट दिसायची, बाकी सगळ्यांवर नुसते चौकोन. चार नंबरवर कुणी बसलं असलं की मी त्याच्या मागे उभी राहून इतकं नाराज तोंड करायचे की माणूस उठायचा. ब्लॉगच्या तळाशी वाचकांचा आकडा दाखवणारी एक पट्टी होती. पहिल्या महिन्यात तिथे एकतीस आले, आणि त्यातली निदान पंचवीस मीच होते. मग हळूहळू गोम कळली. आपण दुसऱ्यांचं वाचायचं, खाली मनापासून दोन ओळी लिहायच्या, की ती माणसं 'ही कोण' म्हणून आपल्याकडे डोकावतात. नुसतं 'छान' लिहिलं तर कुणी येत नाही. पुण्याच्या एका बाईंचा ब्लॉग बराच वाचला जायचा, त्यांनी आपल्या पानाच्या कडेला माझं नाव टाकलं आणि आकडा एका आठवड्यात दीडशेवर गेला. मी पावसावर आणि एकटेपणावर लिहिलेलं कुणी वाचत नव्हतं. वाचत होते ते मायने मला बोंबील साफ करता येत नाहीत म्हणून आमच्या बोलीत घातलेल्या शिव्या. नैरोबीहून कुणीतरी लिहिलं, की आमच्या घरात आजी असंच बोलायची, हे असं लिहिलेलं मी जन्मात पहिल्यांदा वाचलं. ज्या 'मना-तुना'साठी माझा कान उपटला गेला होता, त्यासाठी एक माणूस समुद्रापलीकडे बसून डोळे पुसत होता. त्या दिवशी मी घरी चालत आले नाही, तरंगत आले.

आणि मग डोक्यात हवा गेली. मी घरांच्या नावांवर लिहिलं.

हे जरा सांगायला हवं. आमच्यात आडनावं मोजकीच. एका गल्लीत सात परेरा, तेव्हा कुठला परेरा हे कळण्यासाठी प्रत्येक घराला एक नाव असायचं. हे नाव बाप्तिस्म्याच्या वेळी मिळत नसे, विहिरीवर मिळत असे. एक घर 'रेडिओ', एक घर 'अर्धा चहा'. समोरचं निळ्या दाराचं घर 'घंटाचोर', कारण फिलूआंटीच्या सासऱ्याने म्हणे क्रूसाची घंटा चोरली होती आणि मग घाबरून परत आणून टांगली. ही नावं सगळ्यांना पाठ असायची, पण पाठीमागे म्हणायची. तोंडावर कधीही नाही. ज्या घराचं नाव, त्या घराच्या कानावर ते जाता कामा नये, एवढी एकच अट. या अटीवर पन्नास घरं कित्येक वर्षं एकमेकांना साखर देत-घेत जगली होती.

मला ती अट ठाऊक नव्हती असं म्हणणं खोटं होईल. ठाऊक होती. पण माझ्या डोक्यात ब्लॉग म्हणजे पाठीमागचीच जागा होती. गावठाणात कॉम्प्युटर नव्हता, आंटी चौथी शिकलेली, आणि वाचणारे सगळे पुणे आणि नैरोबी. जगाच्या पाठीमागे एवढी मोठी जागा मोकळी आहे असं मला वाटत होतं. आडनावं घातली नाहीत, पण निळं दार घातलं, विहीर घातली, आणि घंटाचोराची गोष्ट तर मीठमसाला लावून सांगितली. लेख झकास झाला होता, हे आजही कबूल करते. एकाने दुसऱ्याला पाठवला, दुसऱ्याने दहा जणांना ईमेल केला. पट्टीवरचा आकडा चार दिवसांत चारशे बारा झाला.

त्या चारशे बारांतला एक मस्कतला होता. नेल्सन दर रविवारी आईला फोन करायचा. कुणीतरी त्याला लेख पाठवला, आपल्या गावाचं नाव बघून तो खूश झाला, आणि त्याने तो मोठ्या कौतुकाने फोनवर वाचून दाखवला. मग हसत हसत विचारलं, "मम्मी, निलं दार म्हंजे आपलंच ना? आपल्याला घंटाचोर बोलतात?"

सोमवारी सकाळी आंटी चहाला आली नाही. दुपारी आमचं मोठं पातेलं, ज्यात ती फुग्यांचं पीठ मळायची आणि जे वर्षानुवर्षं तिच्याच घरी असायचं, ते आमच्या ओट्यावर ठेवलेलं दिसलं. घासून लख्ख केलेलं आणि रिकामं. मायने आत हात घालून तळ चाचपला, साखर चिकटलीय का बघायला. मग ती खाली बसली. ग्रेटाचं लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं.

"काय केलंस?" मायने मला विचारलं. ग्रेटाला नाही, पप्पांना नाही, थेट मला. आयांना हे कसं कळतं देव जाणे.

मी सांगितलं. पप्पांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं, चष्मा काढला, पुसला, परत लावला. "सुझे, पुसता येते का ते?" येतं म्हटलं. "मंग पुस. नि जा तिचेकडं." ग्रेटा आत जाऊन रडली, आणि ते मला पप्पांच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. तिच्या लग्नात आंटी नसणं म्हणजे करवली नसण्यासारखं होतं. आणि खरं सांगायचं तर मला लग्नाचीही तेवढी काळजी नव्हती. समोरचं निळं दार भरदिवसा बंद होतं, हे मी आयुष्यात प्रथमच बघत होते.

मी गेले. तोंडात पाठ केलेली माफी. आंटी लसूण सोलत होती. 'बस' म्हणाली नाही, 'जा'ही म्हणाली नाही.

"आंटी, मी आजच पुसून टाकते सगळं."

"किती जनांनी वाचलं?"

"चारशे बारा."

"एवढी मानसं तं आपले गावान पन नाय." तिने एक पाकळी वाटीत टाकली. "त्यांचे डोक्यातनं कशी पुसशील?"

विमान गेलं. ते गेल्यावर ती म्हणाली, "मना ठावं होतं गो. चाळीस वर्सं ठावं हाय. नवी नवरी होते तवापासून. विहिरीवर मी आले का बायका गप व्हायच्या, त्यावरनं समजतं. पन कोनी तोंडावर बोललं नाय, म्हनून मी पन कोनाला तोंडावर सांगितलं नाय का खरं काय ते. आता माझा पोर इचारतो, नि मी काय सांगू? टेलिफोनवर?" तिचा आवाज पहिल्यांदाच हलला. मी रडायला लागले. त्याचा तिच्यावर काही परिणाम झाला नाही. तिने मला पुष्कळदा रडताना बघितलं होतं, बहुतेक वेळा फणी हातात घेऊन.

मग तिने विचारलं, "तुमचे घराला काय बोलतात, ठावं हाय तुना?"

आमच्या घराला नाव असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं. उन्हात उभं राहून सगळ्यांच्या सावल्यांना हसावं आणि आपली बघूच नये, तसं माझं झालं होतं.

"उद्यावाले," आंटी म्हणाली. आणि वाटी बाजूला ठेवून तिने सविस्तर सांगितलं. माझे आजोबा गावठाणातले एकमेव सुतार. हात सोन्याचे, पण जे काम सांगाल त्याला उत्तर एकच, उद्या. पाळणा सांगितला तर मूल चालायला लागेपर्यंत उद्या. एकदा एका म्हाताऱ्याची शवपेटीही उद्यावर गेली, आणि बिचाऱ्याला मातीत जायला एक दिवस जास्त वाट बघावी लागली. पाद्री संतापलेले, पाहुणे दोनदा जेवलेले. मी लहानपणापासून ऐकलेले आजोबा म्हणजे अंधेरीतले सर्वांत नावाजलेले कारागीर. नावाजलेले होते, ते असे.

"पैलं तुमचं लिही," आंटी म्हणाली. "मंग आमचं. मी सांगते तसं. पुसायचं काय नाय."

घरी येऊन मी पप्पांना विचारलं. त्यांनी छताकडे बघितलं. "पेटी तशी चांगली झाली होती," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन गेले आणि आंटीने सांगितलं. घंटा वाजवायचं काम तिच्या सासऱ्याकडेच होतं. मे महिन्यात संध्याकाळी क्रूसाशी प्रार्थनेला लोकांना बोलवायची ती घंटा. त्याला चार मुलींनंतर मुलगा झाला, तेव्हा त्याने आनंदाने ती इतकी बडवली की तिला तडा गेला आणि ती पत्र्यासारखी वाजायला लागली. माणूस लाजरा. कुणाला सांगायची हिंमत होईना. पहाटे घंटा पोत्यात घातली आणि कुर्ल्याला एका ओतारीकडे चालत नेली. ओतारीने ती वितळवून नवी ओतायला दीड महिना घेतला. तोवर इकडे बोभाटा झालेला, कुणीतरी पोतं घेऊन जाताना बघितलेलं. त्याने नवी घंटा आणून टांगली, लोक म्हणाले, चोर घाबरला. "मी इचारलं त्याला, सांगत का नाय?" आंटी म्हणाली. "तं बोलला, घंटा वाजते नं? मंग झालं. असा मानूस तो. नि तो मुलगा म्हंजे माझा नवरा. त्याचे जन्माची घंटा होती ती."

ते वहीतलं जगात जाताना आपण डोळ्यांनी बघणार असा आंटीने हट्ट धरला. तिने ठेवणीतलं लुगडं काढलं, गळ्यात पोवळ्यांची माळ घातली, आणि आम्ही दोघी केतनभाईंकडे गेलो. चार नंबरवर एक मुलगा गेम खेळत होता, आंटीने नुसतं बघितलं आणि तो उठला. मी टाइप केलं. मग तिने सगळं मोठ्याने वाचायला लावलं. आधी उद्यावाले, मग घंटा. पार्टिशनांवरून डोकी वर आली. केतनभाईंनी पंखा तिच्याकडे वळवला. दोन ठिकाणी तिने मला थांबवलं. एकदा म्हणाली, "'दुःखी झाला' नको लिवू. तो दुखी नव्हता. लाजलेला." मी बदललं. लिखाणाबद्दल मला पुढे बऱ्याच जाणत्यांनी बरंच शिकवलं, पण एवढं उपयोगाचं क्वचितच कुणी.

"दाबा," मी म्हटलं. तिने तर्जनीने बटण दाबलं, पीठ झालंय का बघावं तसं.

"गेलं?"

"गेलं."

"खय?"

"सगळीकडे."

"मंग आवाज का नाय आला?" तिने विचारलं, आणि केतनभाईंसकट सगळे हसले. ती हसली नाही. तिला खरंच वाटत होतं की एवढ्या मोठ्या गोष्टीचा काहीतरी आवाज यायला हवा होता.

आवाज यायला दोन दिवस लागले. आधी आले ते उद्यावाल्यांचे वाचक. लिस्बनहून एकाने लिहिलं, 'माझ्या आजीच्या कपाटाचं दार तुमच्या आजोबांकडे आहे, झालं असलं तर कळवा.' मग एकीला फुग्यांची कृती हवी होती. एकाला घंटेचं वजन हवं होतं. आणि मग टोरांटोहून एका बाईंचं पत्रच आलं, चांगलं लांबलचक. त्या लिहीत होत्या, की ते पोतं माझ्या वडिलांनी बघितलं होतं आणि घंटाचोर हे नाव त्यांनीच ठेवलं. विहिरीवर बसून ते सगळ्यांची नावं ठेवायचे. पोतं बघितलं, विचारलं नाही. फिलूआंटींना सांगा, त्यांच्या वतीने मी माफी मागते. आणि शेवटी, जरा खाली: 'आमच्या घराचं नाव काय होतं, कुणी सांगेल का? इतक्या लांब आल्यावर ते तरी माहीत असावं असं वाटतं.'

त्याच्या खाली एकच ओळ होती. 'मी घंटाचोराचा नातू. नेल्सन, मस्कत.'

मी ते सगळं छापून आंटीकडे नेलं. तिने टोरांटोचं पत्र ऐकलं आणि म्हणाली, "तिचे घराला दुर्बीन बोलायचे. लिही तिला." मग शेवटची ओळ तिने स्वतः वाचली, बोट फिरवत, अक्षर अक्षर. परत वाचली. कागदाची घडी घालून प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवली आणि आत गेली. फुग्यांबद्दल ती काही बोलली नाही. मला विचारायचं धाडस झालं नाही.

पुढच्या आठवड्यात मला ओट्यावर बसणं मुश्कील झालं. 'अर्धा चहा'चे अंकल स्वतः आले. म्हणाले, आमचं पण लिही, तो चहा अर्धा का होता त्याला कारण हाय. रेडिओवाल्या आंटींनी तर मला घरी बोलावून, डुकराच्या मटणाचं सरपातेल पोटभर खायला घालून, तीन तास माहिती दिली, म्हणजे नाव योग्यच होतं. जी नावं पाठीमागे ठेवून सगळे इतकी वर्षं सांभाळून चालत होते, ती एकेक करून पुढच्या दाराने बाहेर आली, आणि कुणाचं काही वाईट झालं नाही. पट्टीवरचा आकडा किती झाला ते मी बघायची विसरले. आता तो ब्लॉग उघडत नाही. ज्या कंपनीच्या साइटवर तो होता ती कंपनी बुडाली की विकली गेली, कुणी सांगत नाही. छापलेले कागद माझ्याकडे आहेत, काहींवर तेलाचे डाग.

ते डाग लग्नाच्या आदल्या दिवसाचे, मांडवात ते कागद हातोहात फिरले तेव्हाचे. सकाळपासून मांडवात बायका जमल्या होत्या, चुली पेटल्या होत्या, नवरदेवाकडच्या वसईच्या पाहुण्या आल्या होत्या. मैदा चाळून ठेवलेला, अंडी, ताडी, सगळं तयार. रिकामं पातेलं मायने फळीवर उलटं ठेवलं होतं आणि त्याला कुणाला हात लावू देत नव्हती. दहा वाजले. शेवटी मायनेच लुगड्याचा पदर खोचला आणि म्हणाली, "आता मीच मलते." तिचा चेहरा मला बघवेना.

तेवढ्यात निळं दार उघडलं. आंटी आली, दंडापर्यंत हात धुतलेले. "नेल्सनचा फोन होता, म्हनून उशीर झाला," एवढं बोलून तिने फळीवरून पातेलं काढलं, मैदा ओतला, आणि जणू मधले तीन आठवडे झालेच नाहीत अशी मळायला बसली. माय चुलीकडे तोंड करून धुराला शिव्या देत डोळे पुसत राहिली. वसईची एक जाडजूड आजी कौतुकाने आंटीच्या हातांकडे बघत होती. तिने सहज विचारलं, जे कुठल्याही लग्नात कुणीही विचारतं, "तुमी कोनाचे गो?"

सगळ्या बायकांचे हात थांबले. रेडिओवाल्या आंटीसुद्धा गप्प झाल्या. आणि नेमकं तेव्हाच विमान आलं. खाली, खूप खाली. आंटी थांबली, हात कोपरापर्यंत पिठात. विमान गेलं.

"घंटाचोरांची सून मी," ती म्हणाली, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशी. "वाचलं नाय? दुनियेन वाचलंय." मग मला हाताने बोलावलं. "नि ही उद्यावाल्यांची. तिनेच लिवलंय."

मी तिच्याशेजारी जाऊन बसले. तिने पातेलं माझ्याकडे सरकवलं. "मल," ती म्हणाली. "आताच. उद्या नाय."